सुटलेली खूण

तालीम थांबवून कंडक्टर म्हणाला, "व्हायोला, या जागी काहीतरी गढूळ येतंय. काय खटकतंय?"

व्हायोला वाजवणाऱ्या सहा जणांपैकी पाच जणांनी समोरचे कागद पाहिले. एस्किल ब्रांडेलने पाहिला नाही. स्वरलिपीची नक्कल उतरवणाऱ्याच्या हातून कोमल स्वराची खूण सुटली होती आणि तिथं शुद्ध वाजत होता, हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं. वाजत होती ती सिंफनी आल्गोतने रचलेली होती. दोघं स्टॉकहोमला एकाच गुरूकडे शिकलेले. एस्किलची सिंफनी याच ऑर्केस्ट्राने मागच्या हिवाळ्यात न वाजवता परत केली होती.

रिकाम्या खुर्च्यांतून आल्गोत उठला. "एस्किलला विचारा. आमच्या वर्गात कान होता तो त्यालाच. आम्ही आपले टोप्या अडकवायला कान घेऊन आलेलो."

वादक हसले. कंडक्टरने छडी वळवली. "काय म्हणता, ब्रांडेल?"

"कागदावर आहे तेच वाजवतोय," एस्किल म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

कॉफीच्या सुट्टीत आल्गोत वेलचीचे पाव घेऊन त्याच्यापाशी आला. एक त्याच्या हातात ठेवला.

"माझ्याच लिहिण्यात खोट असणार. ती जागा कापून टाकू का रे? खरं सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?"

सबंध सिंफनीत तीच एक जागा अशी होती, की एस्किलने लिहिली असती तर अगदी तशीच लिहिली असती. सकाळपासून त्याला तेच सोसवत नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "लोकांना कुठं कळतंय?"

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. ती जागा आली. पाच जणांनी कागदावरचा शुद्ध स्वर लावला. एस्किलनेही तोच लावायचं ठरवलं होतं, पण त्याचं बोट आपणहून खाली सरकलं. कोमल वाजला, त्याचा एकट्याचाच.

शेजारच्या म्हाताऱ्या नूर्डिनने गज न थांबवता त्याच्याकडे डोळे वटारले. टाळ्या सुरू झाल्यावर तो कानाशी पुटपुटला, "चुकलात की हो, ब्रांडेल. आणि तेही तुम्ही?"

"चुकलो खरा."

आल्गोत मंचावर आला. लोकांपुढे कमरेत वाकला, आणि मान वर केली ती थेट व्हायोलांकडे वळून. एस्किल खाली वाकून कागद गोळा करत राहिला.