लांडग्याचे बूच

रंगभूषेला आलेली नवी मुलगी ब्रश धुऊन पुन्हा कामाला लागली, तेव्हा काकूंचे लक्ष तिच्या हाताकडे नव्हते. ते आपल्या नवऱ्याच्या पापण्यांकडे होते. त्या मिटल्या होत्या.

गोष्टींमधली माणसे लांडगा होतात ती पौर्णिमेच्या चांदण्याने, कुणाच्या शापाने, नाहीतर कातडे पांघरून. या नाटक कंपनीतला माणूस एकतीस वर्षे काकूंच्या बोटांनी लांडगा होत आला होता. दोन तास, केसामागून केस. न्हाव्यापुढेही ज्यांची मान ताठ असायची, ते काका या खुर्चीत अर्ध्या तासात झोपी जात, आणि काकूंनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. ती सांगण्याची गोष्टच नव्हती.

महिन्यापासून काकूंचा उजवा हात कापत होता. दिग्दर्शकाने नवीला आणले आणि काकूंना म्हणाला, "तुम्ही आता फक्त शेजारी बसायचं. देखरेख करायची." म्हणून त्या बसल्या होत्या.

"काकू, काका झोपले वाटतं," नवी हळूच म्हणाली.

"वय झालं त्यांचं. पाठ टेकली की डोळा लागतो. हात कुणाचा आहे, ते कुठं बघतात."

नवी हसली आणि कानशिलावरचे केस चिमटीने सारखे करू लागली. काकूंनी चष्मा पुसून पाहिले. एखादा केस उलटा बसलेला सापडावा, कुठे तरी केस चिकटवायच्या गमाचा थेंब चमकावा, अशी त्यांची फार इच्छा होती. काहीच सापडले नाही. केस चिकटवलेले नव्हते, उगवलेले होते. पोरीची बोटे काकांच्या गालावरून फिरत होती.

आता हनुवटी तेवढी राहिली. जाळीवर विणलेली तिथली दाढी सर्वांत शेवटी लावायची, कारण ती लागली की काकांचा चहा बंद. आणि ती लावण्यापूर्वी त्यांच्या दातांमध्ये एक बूच द्यायचे. जबडा उघडा ठेवून जाळी चिकटवली, म्हणजे दुसऱ्या अंकात लांडगा तोंड वर करून ती लांब आरोळी देतो तेव्हा जाळी ताणली जात नाही. पहिल्याच वर्षी काकूंनी मिटल्या तोंडावर चिकटवली होती. आरोळीसरशी दाढी उखडून पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या मांडीवर पडली होती, आणि पुढचा अंक हशातच वाहून गेला होता. तेव्हापासून हे बूच. ते कुठल्या पुस्तकात नव्हते. या क्षणी ते काकूंच्या मुठीत होते, काकांच्या दातांच्या खुणांसकट.

"काकू, हनुवटीचं काही वेगळं असतं का हो?" नवीने विचारले. "काका तोंड उघडणार ना, म्हणून विचारते."

काकूंनी मूठ शालीखाली घेतली.

"तुम्ही शिकूनसवरून आलेली माणसं," त्या म्हणाल्या. "आम्ही काय सांगावं?"

नवी ओशाळली. मग तिने काकांच्या मिटल्या तोंडाखाली गम लावला, तो सुकत येईपर्यंत फुंकर घातली आणि जाळी बसवली. त्या फुंकरीने काकूंच्या मनातली उरलीसुरली चलबिचलही संपली. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक काय म्हणेल, ते त्यांना आत्ताच ऐकू येत होते. काकूंशिवाय लांडगा नाही.

दुसऱ्या अंकात त्या विंगेत उभ्या राहिल्या. आरोळी आली. इतकी लांब, इतकी दुखरी आरोळी त्यांनी एवढ्या वर्षांत ऐकली नव्हती. त्यांची नजर हनुवटीवर खिळली होती. एक केस हलला नाही. प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमले.

दिग्दर्शकाने विंगेतच नवीची पाठ थोपटली. "असा लांडगा आजवर झाला नव्हता." मग त्याला काकू दिसल्या. "म्हणजे, तुमच्याच देखरेखीखाली हो, काकू."

"असू दे," काकू म्हणाल्या.

प्रयोग संपल्यावर रंगपटात नवी कापूस आणि गम सोडवायची बाटली घेऊन पुढे आली, तेव्हा काकांनी हात वर केला.

"तू जा, चहा घे," ते जबडा न हलवता म्हणाले. "हे हिला करू दे."

दार लागले. कापूस धरायचा तर मूठ उघडणे आले. काकूंनी बूच आरशापुढे ठेवले आणि कामाला लागल्या. हात कापत होता, तरी कपाळ सुटले, गाल सुटले. हनुवटी सुटेना. पोरीचे काम चोख होते. काकूंनी जाळीची कड भिजवून भिजवून उचलली. जाळी जागची हलली नव्हती. आरोळीसरशी तिच्याखालची कातडीच सोलून निघाली होती, कानापासून कानापर्यंत, लालभडक.

काका बुचाकडे पाहत होते.

"तुमचा डोळा लागला होता," काकू म्हणाल्या. "म्हणून उठवलं नाही."

"मी झोपलो नव्हतो."

काकूंचा कापूस थांबला. त्यांनी आरशात पाहिले. कपाळ मोकळे झाले होते, डोळे ओळखीचे होते. तोंड तेवढे अजून लांडग्याचे होते.