बहादरपूरचा हरण्या

“कागद कुठला?” रंभाबाईने विचारलं.

“नागपूरचा,” नंदकुमार म्हणाला.

“नागपूर आपलं ऱ्हायलं का आता?”

कुदळी घेऊन मागे उभे असलेले सहा मजूर हसले. नंदकुमारला हसता येईना. तो शेतकी खात्यात सहायक होता आणि आठच दिवसांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ला, त्याचं खातं नागपूरहून भोपाळला गेलं होतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. जुन्या हुकमावर नवा शिक्का अजून बसला नव्हता.

“आधी तुमचं सरकार कोणतं ते ठरवा,” हातात विळा धरून बांधावर उभी असलेली रंभाबाई म्हणाली, “मंग माझी बाग तोडाले या. तोवर या बांधाच्या आत कुदळ येणार नाही.”

बहादरपूरच्या केळीत त्या वर्षी सड शिरली होती. झाडाच्या शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, म्हणजे पोंगा, काळा पडायचा आणि पंधरा दिवसांत झाड आडवं व्हायचं. त्याशिवाय काही झाडांच्या पानांवर पिवळ्या रेघा दिसत. त्याला लोक हरण्या म्हणत. हरण्या ही सडीचीच पहिली पायरी आहे असं धरून खात्याने हुकूम काढला होता: रेघा दिसतील ती झाडं उपटा आणि जाळा. रंभाबाईच्या सहाशे झाडांत रेघा नसलेलं एकही झाड नव्हतं.

तिचा नवरा लोटू बऱ्हाणपूरला गिरणीत कामाला होता. शेत तीच बघायची. तिच्याविरुद्ध अर्ज केला होता शेजारच्या गिरधर पाटलाने. तो आताही पलीकडून ओरडला, “इच्या बागेतूनच रोग फैलला साहेब! रोग पोसून ठेवला इनं!”

“पोसते. तुमच्या घरचं खाऊन नाही पोसत, पाटील.”

नंदकुमार मजुरांना घेऊन परत फिरला.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला. नवा हुकूम येईपर्यंत निदान रोगी झाडांची नोंद करावी म्हणून त्याने गावातल्या बागा पालथ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तो एका आडव्या झाडाशी बसला आणि बराच वेळ उठला नाही. सडलेल्या झाडांची पानं त्याने एकूण एक पाहिली होती. कुठेही पिवळी रेघ नव्हती. हिरवीगार, निरोगी दिसणारी झाडंच मरत होती. ज्यांना हरण्या होता ती थोडी खुरटी, पण उभी होती.

कॉलेजात एकदा सरांनी सांगितलेलं त्याला आठवलं. झाडात सौम्य रोगाने आधी ठाण मांडलं, तर त्याच जातीच्या जहाल रोगाला आत शिरायला जागा उरत नाही. तेव्हा ते त्याने परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

त्याने अहवाल लिहिला: हरण्याची झाडं तोडू नयेत.

मोठ्या साहेबांनी त्याला खंडव्याला बोलावून घेतलं. “रोगाने रोग अडतो? उद्या सगळ्या तालुक्याची केळी बसली तर?”

“तर माझी नोकरी घ्या, सर.”

“हे लिहून देता?”

नंदकुमारने तिथंच लिहून दिलं. खाली स्वतःहून आणखी एक वाक्य घातलं. गिरधरने आता पोलिसांतही अर्ज दिला होता, म्हणून ते त्याला फार गरजेचं वाटलं: ‘हरण्या माव्यासारख्या किडीने पसरला असून सदर बाईचा त्यात कोणताही हात नाही.’

तो हिवाळा रंभाबाईने एकटीने काढला. विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनात. शाहपूरच्या बाजारात ओळखीचे लोक तिला पाहून दुसऱ्या गल्लीत वळत. ती मात्र रोज बागेत जाई, पाणी देई, आणि कोणी बांधाजवळून गेलं की मुद्दाम मोठ्याने म्हणे, “या, बघून जा माझा रोग!”

डिसेंबर सरताना गिरधरचं ओरडणं अचानक थांबलं. त्याच्याच झाडांवर पिवळ्या रेघा उठल्या होत्या. स्वतःची झाडं उपटायला मात्र त्याचा हात उठेना. संक्रांतीनंतर त्याच्याकडे सड शिरली. हिरवीगार होती तेवढी सगळी बसली. रेघांची तेवढी राहिली.

भोपाळचा कागद फाल्गुनात आला. तोडणी रद्द.

ज्येष्ठात मोठे साहेब स्वतः बाग बघायला आले. सहाशे झाडांवर घड लोंबत होते. गिरधरही मागे उभा होता, मान खाली घालून.

“नशीबवान आहात बाई,” साहेब म्हणाले. “हा सौम्य रोग नेमका तुमच्याकडे आला.” मग नंदकुमारची पाठ थोपटून ते जीपकडे गेले. गिरधर त्यांच्या मागोमाग गेला.

नंदकुमार मागे रेंगाळला.

“बाई, एक गोष्ट मला अजून सुटत नाही. पाटलाच्या बागेत विसाव्या ओळीपर्यंत प्रत्येक झाडाला हरण्या. एकविसावीपासून एकालाही नाही. किडे काय ओळी मोजून थांबले?”

रंभाबाईने जीप दूर गेलेली पाहिली.

“किडे कायले थांबतील, साहेब? रेघांचं झाड सडत नाही हे दिसलं, तशी माझी सहाशे पावसाळ्यातच टोचून झाली होती. दिवाळीनंतर एक दिवस पाटील बाजाराले गेलेला. वाटीत हरण्याच्या पानाचा रस घेऊन, बाभळीच्या काट्यानं एकेक झाड टोचत मी त्याच्या बागेत शिरली. एकविसाव्या ओळीत त्याचं कुत्रं सुटलं.”