फाटक उघडलं

"अहो, काय मागताहेत ते देऊन टाका की त्यांना! आपल्यापाशी असं काय सोनं पुरलंय?"

भर सभेत संत्र्यांच्या पॅकिंग शेडचा मुकादम ओरडला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

शेजारच्या बड्या देशाशी व्यापार-करार झाला तेव्हा हेच लोक नाचले होते. पुढे बाकीची गिऱ्हाइकं सुटली आणि सगळी संत्री सीमेवरच्या त्या एकाच फाटकातून जायला लागली. मग एक दिवस तिकडून निरोप आला, फळात कीड आहे, आणि फाटक बंद झालं. कसली कीड नि कसलं काय! त्यांना करारापलीकडचं काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे कुणी सांगत नव्हतं. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पॅकिंग शेडला कुलूप लागलं, पेट्या जागच्या जागी सडल्या. शेड गेली असती तर गावच उठलं असतं.

मुकादमाच्या घरात तो आणि सून, दोघंच. मुलगा गेल्या वर्षी तापाने गेला. सून मूळची त्या बड्या देशातली. तिकडे शाळेत शिकवायची. सत्तेवरच्या लोकांबद्दल चार शब्द खरे बोलली आणि नेसत्या कपड्यांनिशी इकडे पळून आली. "आता माहेरही तुम्हीच, सासरही तुम्हीच," म्हणायची.

मुलगा गेल्यावर घर हसायचं विसरलं, तेव्हा तिनेच एक खोडी काढली. संत्र्याची साल न तोडता अख्खी सोलायची, आतलं खाऊन टाकायचं आणि साल पुन्हा मिटवून ताटलीत ठेवायची. मुकादमाने हौसेने उचललं की, "फसलात, बाबा!" तो रोज फसायचा. पुढे पुढे मुद्दाम फसायचा.

आणि परवा शेडचा भोंगा वाजला. फाटक उघडणार! मुकादमाचा जीव भांड्यात पडला. दोन दिवस तोड चालली, भरणी चालली. सूनही पेट्या भरायला बसली. आज सकाळी मात्र तिला कचेरीतून बोलावणं आलं. राहण्याच्या परवान्यावर शिक्का हवा होता म्हणे.

"मी आल्याशिवाय पहिला ट्रक सोडायचा नाही हं, बाबा!"

"नाही सोडत, माझे आई. जा लवकर."

ट्रक भरून उभे राहिले तरी ती आली नाही. आली ती सरकारी जीप.

"आमची गाडी पुढे राहील," जीपमधला साहेब म्हणाला. "ती पलीकडे पोचली की फाटक उघडेल."

"मान मोठा दिलात, साहेब! पण जरा थांबाल का? सून कचेरीत गेलीय. तिच्यासमोर पहिला ट्रक सोडीन, असा शब्द दिलाय."

साहेबाने घड्याळात पाहिलं. "थांबता येणार नाही हो."

"बरं, दोर आवळेपर्यंत तरी थांबा." मुकादमाने वरच्या थरातली दोन संत्री काढून खिडकीतून दिली. जीपच्या मागच्या काचा काळ्या होत्या. "मागे कुणी बसलं असेल तर त्यालाही द्या. आज आमचा आनंदाचा दिवस आहे."

साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाला, "देतो."

मुकादमाने दोर स्वतः आवळले. तेवढ्यात जीपचं पलीकडचं दार किलकिलं होऊन मिटलं. मग जीप निघाली, मागून ट्रक निघाले. माणसं ओरडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. मुकादमाला रडूच आलं. हे बघायला पोरगा हवा होता. निदान सून तरी.

धूळ बसली. जीप उभी होती तिथे रस्त्याच्या कडेला एक संत्रं पडलेलं दिसलं. वेंधळे कुठले, इतका चांगला माल टाकून गेले! सुनेसाठी ठेवू, पहिल्या ट्रकमधलं आहे म्हणून सांगू, असं म्हणत मुकादम वाकला आणि त्याने ते उचललं.

हाताला वजनच लागलं नाही.