राखीव नाव

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा काही शब्द स्वतःसाठी राखून ठेवते. ‘क्लास’ त्यातलाच. तो हवाच असेल तर शेवटी एक अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, जोडायचा, की बिनबोभाट चालतो. हेमांगीने सवयीने तो जोडला. प्रोग्राम ऑफिसचा नव्हता, घरचा होता. होणाऱ्या बाळाच्या लसी, वजन, पुढे शाळेतला क्लास, सगळं त्यात राहणार होतं.

मग तिने बाळाचं ठरवलेलं नाव टाकलं. केतकी. ओळ लाल झाली. ‘हा शब्द राखीव आहे.’

“काहीतरीच काय!” ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा तांबोळी हसला. त्याच्या मशीनवर तीच ओळ निमूट चालली.

गंमत म्हणून सांगायला तिने आईला फोन लावला. आईने तिला मध्येच थांबवलं.

“हे नाव तुला कुणी सांगितलं गं? तुझ्या आधी एक झाली होती. केतकी ठेवलं होतं तिचं. बारसं झालं आणि त्याच रात्री गेली. म्हणून तुला पाळण्यात घालताना आधी धोंडी म्हटलं. ती परत आलीच, तर तिला पाळण्यात नुसता दगड दिसावा.”

हेमांगीने फोन ठेवला. एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने केतकीच्या शेवटी अंडरस्कोर जोडला. लाल रंग गेला. तिने सुटकेचा निःश्वास टाकून प्रोग्राम चालवला.

‘घरातली मुलं’ याखाली एकच नाव उमटायला हवं होतं. दोन उमटली.

आधी थोरलीचं, अंडरस्कोरशिवाय.