नाव बदलायचा अर्ज

"उद्या हे नाव बदलायचंच," असं तिनं स्वतःला बजावलं आणि अर्जाची घडी पर्समध्ये कोंबली.

नाव तसं वाईट नव्हतं, पण इतकं सर्रास, की इथं लिहिलं तर वाचणाऱ्यांपैकी चौघी मागे वळून बघतील. ती दातांच्या कवळ्या बनवायची. त्या कारखान्यात कामाला त्याच नावाच्या तिघी होत्या: एक उंच, एक बुटकी आणि ही 'तिसरी'. हिच्या हातची कवळी अशी चपखल बसे, की लोक पहिल्याच दिवशी भांडायला मोकळे. तरी हाक 'तिसरी'च!

दर रविवारसारखी ती वृद्धाश्रमात गेली. तिथल्या निम्म्या कवळ्या तिच्याच हातच्या. दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापकबाईंनी फोन केला होता, "आई सारखं तुमचं नाव घेतात. या की एकदा!" बाईंच्या फोनवहीत सगळी माणसं नुसत्या पहिल्या नावानं, आडनावं लिहायचा त्यांना कंटाळा. ती गेली, तेव्हा "चार वर्षांनी उगवलात!" म्हणून बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

आजही पावलं वाजताच त्या म्हातारीनं नावानं हाक मारली. डोळे केव्हाच गेले होते.

"चहा बिनसाखरेचा सांगितलाय गं. तुला लागतो तसा."

ती पक्की गोडखाऊ. तरी तोंड वाकडं न करता प्यायली.

"कोपरावरचा तो व्रण खाजतो का अजून?"

"छे, आता काही नाही," म्हणत तिनं बाही खाली ओढली. मग धीर करून म्हणाली, "मी नाव बदलतेय. उद्या अर्ज देणार."

"बदल की. तुझं नाव, तुझी मर्जी." म्हातारी कप चाचपत म्हणाली, "फक्त नवीन नाव माझ्या लक्षात राहायचं नाही. बाकी सगळी नावं विसरले बघ. हे एवढंच जिभेवर उरलंय."

जन्मभर ज्या नावाचा रागराग केला, ते कुणाला एवढं हवंसं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं अर्जाचे सरळ चार तुकडे केले.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगलं आहे माझं नाव."

संध्याकाळी ती ताठ मानेनं घरी पोचली. बेल वाजवली. दार तिच्या आईनं उघडलं.

"आज तरी सांगितलंस का गं त्यांना," आईनं विचारलं, "की तो फोन चुकून तुला लागला होता?"