बऱ्या झालेल्यांत आई

"आईंना फेरतपासणीला का नाही आणलंत? नव्या इंजेक्शनच्या आमच्या अभ्यासात त्या बऱ्या झालेल्यांत आहेत," संगणकाचा पडदा समोर बसलेल्या मुलीकडे वळवत डॉ. सबनीस म्हणाले. पडद्यावर आईच्या नावापुढे लिहिलं होतं : प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले.

"आई गेली, डॉक्टर. जीव घरी जावा अशी तिची इच्छा, म्हणून तुम्हीच नेऊ दिलंत. घर काही आलं नाही. रुग्णवाहिकेतच गेली ती."

"अरेरे! घरी सोडलं की संगणक आपोआप सुधारणाच लिहितो हो."

"मग खोडा ते. हे वाचून आणखी कुणाला तरी तेच इंजेक्शन द्याल."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी लगेच मृत्यूची नोंद केली. मग संगणकाने विचारलं, मृत्यू रुग्णालयाने पाहिला की माहिती ऐकीव आहे? त्यांनी 'ऐकीव' निवडलं.

त्या दिवशी खड्ड्यांतून रुग्णवाहिका जाताना आईचं डोकं या मुलीच्याच मांडीवर होतं.

"आता धराल ना तिला मेलेल्यांत?"

"ऐकीव मृत्यू अभ्यासात धरत नाहीत, ताई. तिथे त्या बऱ्या झालेल्यांतच राहतील." त्यांनी हळू आवाजात माफी मागितली आणि घंटी वाजवली.

नवऱ्याला धरून एक बाई आत आली. "घाबरू नका," डॉक्टर तिला म्हणाले, "या इंजेक्शनने बहुतेक जण बरे होतात."

बाईने हात जोडले. मग उठून चाललेल्या मुलीला तिने आशेने विचारलं, "तुमचंही माणूस बरं झालं का हो?"

मुलीने तोंड उघडण्याआधी डॉक्टरांनीच होकारार्थी मान हलवली.