नमुन्याची बाटली

कारखान्याचं सांडपाणी भरलेला टँकर घेऊन फक्रुद्दीन कोल्हापुरातनं आंबा घाट उतरला आणि त्याला नमुन्याची बाटली आठवली. तपासणीत नमुना म्हणून द्यायला मॅनेजर दर खेपेला विकतच्या पाण्याची बाटली द्यायचा. ती आज कारखान्यातच राहिली होती. समुद्रात पाणी सोडायच्या ठिकाणी सरकारी तपासणी व्हायची, आणि टँकरमधलं पाणी दाखवायची सोय नव्हती.

तपासणीच्या नाक्यावर पोचल्यावर त्याने सगळी केबिन धुंडाळली. शेवटी बायकोने, सुगराने, सकाळी भरून दिलेलं प्यायचं पाणी त्याने नमुना म्हणून पुढं केलं. कारखान्याच्या कुंपणाला लागूनच त्यांचं घर, दारातच बोअर.

तपासणीच्या बाईंनी यंत्रावरचे आकडे दोनदा बघितले.

"टँकर परत न्या. हे समुद्रात सोडता येणार नाही, मासे मरतील."

"मॅडम, नीट बघा की. चांगलं पाणी हाय."

"दिसतंय चांगलं."

टँकर वळवायच्या आधी त्याने घरी फोन लावला.

"सुगरा, पोरांस्नी शाळेत पाणी कुठलं दिलंस?"

"कुठलं म्हंजे? तुमाला दिलं तेच की."